वरची कडी

मुमताज आमच्या घरात, आमच्याच चटईवर, माझी आई होऊन झोपली होती आणि माझी आई भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होती.

मुमताजला आई होऊन झोपणं छान जमायचं. उजवा हात उशाला, ओढणीचा पदर तोंडावर, एक गुडघा जरासा वर. तालमीत मी तिला हे करून दाखवलं तेव्हा हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली होती. आमच्या पुढच्या खोलीत मात्र कोणी हसत नव्हतं. आमचं नाटक बसवणारी वृंदाताई कोपऱ्यात सुताच्या कांड्यांच्या पोत्याला टेकून बसली होती. मी दारापाशी उभा होतो. तालमीच्या हॉलमध्ये आम्ही दार आहे असं समजून चालायचो. इथे दार खरंच होतं, त्याला वर खरीच कडी होती, आणि तिच्याकडे न बघता बोलायचं म्हणजे मोठं संकट होतं.

"त्या दिवशी वीज नव्हती," मी म्हणालो. "माग बंद होते. माग बंद असले की आमची गल्ली झोपते. आईपण झोपली होती. मी कांड्यांचं पोतं घेऊन आत आलो, पोतं टाकलं आणि मागच्या परड्याच्या भिंतीवरून उडी मारून खेळायला पळालो. कडी लावायची मी विसरलो."

इथे मी गप्प राहायचं आणि मुमताजनं कूस बदलायची, असं ठरलं होतं. मुमताजनं कूस बदलली.

"तिला उठीव," आई म्हणाली.

मला वाटलं, पोरीला फरशीचा गारठा लागेल म्हणून म्हणतेय. मधे बोलायचं नसतं, सगळं झालं की ताई विचारणार आहेत, असं मी तिला हळूच सांगितलं.

"उठीव म्हणते न्हवं तिला," आई म्हणाली. "मी झोपलेली नव्हते."

हे सगळं इचलकरंजीतलं, आणि आता त्याला बरीच वर्षं झाली. वृंदाताई मिरजेची. नाटकाचं शिकून आलेली होती आणि आमच्या गावातल्या पोरापोरींना गोळा करून काहीतरी करायचं तिच्या डोक्यानं घेतलं होतं. आम्ही बहुतेक वायंडिंगवर, म्हणजे कांड्यांवर सूत भरायला, किंवा मागावर काम करणारे, एखादा कॉलेजात नावापुरता. आमच्या नाटकाला लिहिलेलं पुस्तक नव्हतं. ज्याचं त्यानं आपलं सांगायचं, सांगता सांगता करून दाखवायचं, आणि बाकीच्यांनी त्याच्या गोष्टीतली माणसं व्हायचं. एकाला एकदा सावत्र बाप व्हावं लागे, एकदा पोलीस, एकदा बैल. आम्ही एकमेकांचं ऐकून इतके रडायचो की गल्लीतले लोक आम्हाला रडकी कंपनी म्हणायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

वृंदाताईचा एकच नियम होता, पण तो ती हट्टानं पाळायची. तुमच्या गोष्टीत जी माणसं आहेत त्यांना ती गोष्ट आधी त्यांच्या घरात करून दाखवायची. त्याला आम्ही घरचा प्रयोग म्हणायचो. घरच्यांनी एखादं वाक्य खोडा म्हटलं की ते खोडायचं. का, असं विचारायचं नाही. आमच्यातल्या बसूच्या वहिनीनं त्याची अर्धी गोष्ट खोडून टाकली होती, तरी वृंदाताईनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. स्टेजवर तुमचं आयुष्य तुमचं असलं तरी त्यात दुसऱ्याचं घर येतं, असं तिचं म्हणणं.

माझ्या गोष्टीत तीन माणसं होती. आण्णा, म्हणजे माझे आजोबा, ते तर गेलेले. आई समोर बसली होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, प्रयोग बघायला थांबलेच नव्हते. सकाळी मी आईला म्हटलं, आप्पांना विचार. आप्पा तिथेच दाढी करत होते. त्यांनी आरशातून आईकडे बघितलं आणि म्हणाले, "त्याला सांग, मला सोंगं बघायची हौस न्हाई." आईनं वळून मला सांगितलं, "हौस न्हाई म्हणत्यात."

आमच्या घरात बोलणं असंच चालायचं. आण्णा गेल्यापासून आप्पा माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. त्याला सांग जेवून घे. त्याला विचार पगार झाला का. त्याला सांग सायकलचं चाक बसलंय. मी एका हातावर बसलेला असलो तरी निरोप आईमार्फतच यायचा आणि माझं उत्तरही तिच्यामार्फतच परत जायचं. मी बारा वर्षांचा होतो तेव्हा हे सुरू झालं आणि आता एकवीस वर्षांचा घोडा झालो होतो. शेजारपाजारच्यांनाही त्याची सवय झाली होती. मला झाली नव्हती.

आण्णांचं काय झालं होतं, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. म्हातारपणी त्यांचं डोकं काम देईना. कुठला दिवस, कुठलं घर, कळेना. मात्र शिरढोणला, गावी, आपली आई वाट बघतेय, एवढं पक्कं धरून बसलेले. दार उघडं दिसलं की चालायला लागायचे. गल्लीतलं कोणीतरी हाताला धरून परत आणून सोडायचं. शेवटी आप्पांनी दाराला अगदी वर एक कडी बसवली. आण्णांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, त्यामुळे ती त्यांना काढता येत नसे. माझाही हात तिला पुरत नसे. मी रॉकेलच्या डब्यावर चढून लावायचो आणि ते काम माझं होतं. त्या दुपारी आण्णा गेले ते परत आलेच नाहीत. माणसं शोधत फिरली आणि मग कोणीतरी येऊन सांगितलं की शिरढोणच्या वाटेला, उसाच्या कडेला म्हातारा पडलाय.

दाराला कुलूप नव्हतं, कडी तुटलेली नव्हती. म्हणजे ती लावलीच नव्हती. म्हणजे पोरानं लावली नव्हती. आप्पांनी मागाचा चामड्याचा पट्टा काढला आणि मला मारलं. ते मारणं मी कधीच विसरलो असतो, आमच्या गल्लीत बापाचा मार न खाल्लेला पोरगा शोधून सापडला नसता. त्यानंतरची मुकी वर्षं मात्र मला विसरता आली नाहीत. म्हणून तर मी वृंदाताईला ही गोष्ट दिली. मला वाटायचं, मी चारचौघांत उभा राहून माझी चूक सांगितली, मान खाली घालून सांगितली, तर आप्पांना एक ना एक दिवस पाझर फुटेल. मला त्यांच्या तोंडून फक्त माझं नाव ऐकायचं होतं.

तर आई म्हणाली की ती झोपलेली नव्हती.

मुमताज उठून बसली, ओढणी सावरली. वृंदाताई नियमाप्रमाणे म्हणाली, "काकू, ते वाक्य आम्ही खोडू. कारण सांगायची गरज नाही."

"खोडू नका," आई म्हणाली. "बदला." मग जरा वेळ ती मुमताजकडेच बघत राहिली. "कशी निवांत झोपलीय ही पोरगी. तशी झोप लागली असती तर बरं झालं असतं माझं."

आईनं पदरानं हात पुसले, ते कोरडेच होते.

"आण्णांचं सगळं काढून नुकती टेकले हुते मी. सकाळी धुतलेली वाकळ परत भरवली हुती त्यांनी. रोज दार वाजवायचे, त्या दिवशी वाजवलं न्हाई. दारापाशी हुभे राहिले आणि माझ्याकडं वळून हात जोडले. म्हणाले, सोड गं बाई, आई वाट बघतीया. सासरा हुता माझा. लग्न झाल्यापासनं कधी माझ्याकडं तोंड करून बोलला नव्हता. हात जोडले त्यानं."

"मग?" मुमताजनं विचारलं. असं विचारायचं नसतं, पण वृंदाताई तिला काही बोलली नाही.

"मग काय. उठले, कडी काढली. ते गेले. मी परत येऊन पडले, हिच्यासारखी, तोंडावर पदर घेऊन. म्हटलं, कोणीतरी आणून सोडंल, रोजच सोडतंय. आणि न्हाई सोडलं तर..." तिनं माझ्याकडे बघितलं. "न्हाई सोडलं तरी चालंल, असं एकदा मनात आलं. एकदाच आलं. पण आलं म्हणून मग मला उठून बघायला जाववंना."

बाहेर कोणाच्या तरी घरात माग सुरू झाला आणि खटखट भिंतीतून यायला लागली. मी दाराला टेकलो. मला जे आठवत होतं ते सगळं एकदा नव्यानं आठवून बघायला लागलो. कडी न लावता पळणारा मी मला स्पष्ट दिसत होता, डब्याकडे न बघता पळणारा. नऊ वर्षं तो दिसत होता. आणि आता नीट बघायला गेलो तर तो पुसट व्हायला लागला. इतक्या लोकांनी इतक्यांदा सांगितलं होतं की माझ्या डोक्यानं तो पोरगा तयार करून ठेवला होता. त्याच्या जागी डब्यावर चढलेला, कडी लावताना बोट चिमटून 'आई गं' म्हणणारा पोरगा मला आता आठवायला लागला, पण तोही खरा की आईनं आत्ता सांगितलं म्हणून, हे मला कळेना.

मी लावली होती का, असं मी आईला विचारलं.

"लावली हुतीस. बोट चेमटून घेतलं हुतंस."

ह्याला मारलं तेव्हा तुम्ही कुठे होता, हे वृंदाताईला विचारायचं होतं आणि तिनं ते विचारलं नाही. आईनं न विचारता सांगितलं.

"ह्यांनी पट्टा घेतला तेव्हा मी चुलीपाशी हुते. म्हटलं, दोन मारतील आणि सोडतील, मग सांगीन. मग म्हटलं, राग उतरू दे, मग सांगीन. मग दिवस घालायचे आले. मग पाहुणे गेले. मग सांगायचं म्हणजे आधी का न्हाई सांगितलं, ते बी सांगाय लागणार हुतं."

वृंदाताई निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली की प्रयोग रविवारी आहे आणि तू म्हणालास तर तुझी गोष्ट आपण काढून टाकू, कोणी काही विचारणार नाही. पण 'विसरलो' हे वाक्य आता मी तुला बोलू देणार नाही, एवढं ती बोलली. मुमताज चप्पल घालताना आईच्या पाया पडली. का पडली, हे तिलाही सांगता आलं नसतं.

दोघी गेल्यावर मी आईला म्हणालो, मी गोष्ट काढून टाकतो. आप्पांना काही कळायचं कारण नाही. नऊ वर्षं गेली तशी आणखी जातील. हे मी मोठ्या मनानं बोललो असं मला तेव्हा वाटलं. आई भांडी घासायला बसली होती. ती म्हणाली, "काढू नगं. मी ह्यांना घेऊन येते."

मी म्हटलं, तुला सांगायचंच असेल तर तू घरात सांग. इथे, चार भिंतींत. तू आणि आप्पा.

"घरात माझ्या तोंडातनं निघत न्हाई," ती म्हणाली. "नऊ वर्षं रोज रात्री तोंडात येतंय आणि परत जातंय. तिथं तू बोल, मी शेजारी बसते." मग हातातलं पातेलं तिनं पालथं घातलं. "तुमचे दोघांचे निरोप मी इतकी वर्षं पोचवले का न्हाई? कधी एक शब्द इकडचा तिकडं केला न्हाई. माझा एक तू पोचव."

मी ते पातेलं उचलून फळीवर ठेवलं.

तालमीला ती स्वतः आली. डोक्यावर पदर घेऊन हॉलच्या दारात उभी राहिली तेव्हा बसूनं तिला बसायला खुर्ची दिली, ती बसली नाही. मुमताज लाकडी चौकटीपाशी उभी राहून कडी काढण्याचं करत होती. खरी कडी आम्ही भंगारातून आणून चौकटीला ठोकली होती. मुमताजनं हात वर केला, कडी खाली आपटली.

"तशी न्हाई," आई म्हणाली. ती पुढे झाली, टाच उचलली, कडी एका बोटानं दाबून धरली आणि हळू सरकवून खाली घेतली. काडीचाही आवाज आला नाही. "अशी काढली तर वाजत न्हाई. माग बंद हुते न्हवं, शेजारी ऐकू गेलं असतं."

तिनं दोनदा करून दाखवलं आणि मुमताजला दोनदा करायला लावलं. मी बघत होतो. तोपर्यंत मी स्वतःला समजावत होतो की थकलेली बाई, अर्धवट झोपेत, दया येऊन उठली असेल. ते बोट बघितल्यावर मला तसं म्हणता येईना. मला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि त्याची मला लाज वाटली, कारण राग यायच्या जागी मला हलकं वाटत होतं.

रविवारी आप्पा येतील असं मला अजिबात वाटत नव्हतं. आईनं सकाळी त्यांना म्हटलं, पोराचं नाटक हाय, चला. मी भाकरी मोडत मान खाली घालून ऐकत होतो. आप्पांनी पुढ्यातली भाकरी संपवली. मग म्हणाले, "त्याला सांग, येतो." आईनं मला सांगितलं आणि मी मान हलवली. दुपारी त्यांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला, केसांना पाणी लावलं. माझा प्रयोग कशावर आहे ते त्यांना गल्लीतून कळलं असणार. गल्लीला माझी जुनी गोष्ट माहीत होती. पोरगा कबूल करणार आहे, माफी मागणार आहे, असं समजून ते शर्ट घालून निघाले होते आणि आई त्यांच्या मागून चालली होती.

प्रयोग शाळेच्या हॉलमध्ये होता. लाकडी बाकं, वर फिरत नसलेले पंखे, पुढे लहान पोरं. माझी पाळी आली तेव्हा बाकीची मंडळी दोन्ही बाजूंनी खाली बसली आणि हातातले मागाचे लाकडी धोटे फळ्यांवर आपटायला लागली. आधी एक, मग दोन, मग सगळे. हॉलमधली बसलेली माणसं मागावरचीच, त्यांच्या माना आपोआप त्या ठेक्यावर हलायला लागल्या. आणि मग वृंदाताईनं हात वर केला, आणि सगळे धोटे एकदम थांबले. वीज गेली की आमच्या गावात जसं होतं तसंच झालं. मागे कोणाच्या तरी तोंडातून 'गेली' असंही निघालं.

मुमताज चटईवर आडवी झाली. मी चौकटीजवळ गेलो. जाताना मुमताजनं पदराआडून मला विचारलं, "उठू का झोपू?" मी अजून ठरवलेलं नाही, हे तिला माझ्या तोंडावर दिसत होतं.

मी समोर बघितलं. तिसऱ्या बाकावर आप्पा होते. ते माझ्याकडे बघत होते. आमच्या घरात ते माझ्या ताटाकडे बघायचे, माझ्या सायकलकडे बघायचे. माझ्या डोळ्यांत त्यांनी किती वर्षांनी बघितलं असेल. ते पुढे झुकून, हात गुडघ्यांवर घेऊन ऐकत होते. 'विसरलो' असं मी म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं, असं मला त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं. वृंदाताईनं मला नंतर हाकलून दिलं असतं, तेही चाललं असतं. आईचं झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं. आई आप्पांच्या शेजारी बसली होती. मांडीवर हात, नजर सरळ माझ्याकडे. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनी काही सांगितलं नाही. निरोप दिल्यावर माणूस जसं वाट बघत बसतं, तशी ती बसली होती.

"त्या दुपारी," मी म्हणालो, "कडी मी लावली होती."

हे वाक्य मी आईसाठी बोललो, तिचा निरोप होता तो, असं मी पुढे अनेकांना सांगितलं आहे. पण ते तोंडातून निघालं त्या क्षणी मला आई आठवलीच नाही. मला आनंद झाला. बारा वर्षांच्या पोराचा आनंद, शाळेत आपल्यावरचा आळ गेल्यावर होतो तसा. मी लावली होती. माझं बोट चिमटलं होतं. ते वाक्य मी एकदाच बोलायचं ठरलं होतं, मी ते पुन्हा बोललो, आणि दुसऱ्या वेळी आवाज चढवून बोललो, आप्पांकडे बघून.

मुमताज उठली. बसू आण्णा झाला होता, त्यानं तिच्याकडे वळून हात जोडले. ती चौकटीशी गेली, टाच उचलली, एका बोटानं कडी दाबून धरली आणि आवाज न करता काढली. बसू बाहेर गेला. मुमताज परत येऊन चटईवर पडली, उजवा हात उशाला, पदर तोंडावर, एक गुडघा जरासा वर. मी तिला शिकवलेली झोप तीच होती. फक्त आता ती झोप नव्हती हे हॉलमधल्या लहान पोरांनाही कळत होतं.

आप्पा उठून गेले नाहीत. मला ती भीती होती. ते मागे सरकले, बाकाला टेकले आणि माझी गोष्ट संपेपर्यंत तसेच बसले. माणसांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनी आपले हात उघडून त्यांच्याकडे बघितलं. पट्टा धरलेला हात उजवा होता. मग ते उठले आणि चालायला लागले, आणि आई त्यांच्या मागून. ते दोघं नेहमीच तसे चालायचे, आप्पा पुढे, आई चार पावलं मागे, त्यामुळे नुसतं बघून कोणाला काही कळलं नसतं.

मी मुद्दाम उशीर केला. धोटे गोळा केले, चौकटीचे खिळे काढले, वृंदाताईनं पाठीवर हात ठेवला तर तो सुटून जाईल असा बाजूला झालो. घरी गेलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत आरडाओरडा नव्हता, रडारड नव्हती. आई चुलीशी होती. आप्पा भिंतीला टेकून बसले होते, अंगात तोच पांढरा शर्ट. आईनं दोन ताटं मांडली होती, आप्पांचं आणि माझं. ती नेहमी आमचं झाल्यावर जेवायची. तिचा चेहरा ओळखता येणार नाही इतका साधा दिसत होता.

मी हातपाय धुऊन येऊन बसलो. आमटी वाढली गेली, भाकरी आली. आप्पांनी भाकरीला हात लावला नाही.

"दिगू," ते म्हणाले.

माझा हात ताटात होता तसाच राहिला. आवाज जरा खरखरीत होता, नाव बोलायची सवय मोडल्यासारखा. पण नाव माझंच होतं. मी वर बघितलं तर ते माझ्याकडेच बघत होते, थेट. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील आणि मी त्यांच्या पाया पडेन, का त्यांनीच मला जवळ घ्यायचं, काहीही, माझी कशालाच हरकत नव्हती.

"दिगू, तुझ्या आईला सांग," आप्पा म्हणाले, "ताट वाढून घे म्हणावं. सकाळपासनं उपाशी हाय."

आई त्यांच्यापासून दोन हातांवर बसली होती. तिनं ऐकलं होतं. पण ती उठली नाही, तवा खाली घेतला नाही, माझ्याकडे तोंड करून थांबली. नियम तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. नऊ वर्षं तिनंच तो चालवला होता.

मी आप्पांना म्हणायला हवं होतं की तुम्हीच सांगा. ती समोर बसलीय, तुम्हीच सांगा. ते वाक्य माझ्या तोंडात आलं. पण त्यांनी मला दिगू म्हटलं होतं, आणि आता उलट बोललो तर ते परत म्हणणार नाहीत अशी मला भीती वाटली.

"आई," मी म्हणालो, "आप्पा म्हणतायत, ताट वाढून घे."

"बरं," आई म्हणाली.

तिनं तिसरं ताट घेतलं, आमच्या पंगतीत मांडलं आणि जेवायला बसली. एक भाकरी खाल्ली, आणखी अर्धी घेतली, आमटीत बुडवून खाल्ली, शेवटी बोटानं ताट पुसलं. इतकी पोटभर जेवताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. आप्पाही जेवले. माझ्या ताटातली भाकरी मात्र मोडली तशीच पडून राहिली, आणि आप्पांनी पुन्हा माझ्या नावानं हाक मारून विचारलं, का रे, जेवत का नाहीस.